सेल्फ मारू नका

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. इथला ओढा वर्षातले आठ-नऊ महिने कोरडा असतो आणि तेवढा काळ तो रस्ताच असतो. त्यातून ट्रॅक्टर जातात, उसाच्या ट्रॉल्या जातात, शेळ्या जातात, शाळेची पोरं जातात. पायाखालच्या या वाटेला भ्यावं, असं कुणाच्या मनातही येत नाही. आणि मग एखाद्या रात्री हाच ओढा दोन्ही काठ सोडून धावतो.

सप्टेंबर २०१९मध्ये नाझरे धरणातून सोडलेल्या पाण्यानं कऱ्हेला पूर आला आणि बारामतीतल्या काठच्या वस्त्या हलवाव्या लागल्या. १४ ऑक्टोबर २०२०च्या अतिवृष्टीत इंदापूरजवळ पुणे-सोलापूर महामार्गावरची वाहतूक थांबली. निमगाव केतकीत पाण्यात अडकलेल्यांना जेसीबीनं बाहेर काढावं लागलं. २५ मे २०२५ला, भर मे महिन्यात, पिंपळी-लिमटेक परिसरात नीरा डावा कालवा फुटला, काटेवाडीत घरांत पाणी शिरलं, बारामती आणि इंदापुरात एनडीआरएफची पथकं उतरली. सहा वर्षांत तीनदा. आता याला अपवाद म्हणता येत नाही.

अशा प्रत्येक पावसानंतर गॅरेजांच्या दारात टोचन लावून आणलेल्या गाड्या उभ्या राहतात. त्यांत चार चाकांना ताकद पुरवणाऱ्या उंच गाड्याही असतात. मालकाचं म्हणणं ठरलेलं: ‘गाडी फोर बाय फोर आहे, पाण्यात बंद पडलीच कशी?’ या प्रश्नाचं नीट उत्तर प्रत्येक गाडीवाल्याला माहीत हवं, कारण ते माहीत नसल्यामुळे धड इंजिनं भंगारात जातात.

फोर बाय फोरमुळे चाकांची पकड वाढते. इंजिनाचा श्वास मात्र एअर फिल्टरच्या तोंडातूनच चालतो, आणि ते तोंड जिथं आहे तिथंच राहतं. पिस्टन वर येतो तेव्हा सिलिंडरमधली हवा दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. २.२ लिटरच्या चार सिलिंडरी डिझेल इंजिनाचं साधं गणित करा. एका सिलिंडरच्या वाट्याला साडेपाचशे मिलिलिटर येतात. दाबाचं प्रमाण सोळास एक धरलं, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा साधारण ३७ मिलिलिटर. म्हणजे जेवणाच्या टेबलावरचे अडीच मोठे चमचे. एवढं पाणी आत शिरलं की पिस्टनला वर यायला जागाच उरत नाही. खालून क्रँकशाफ्ट त्याला ढकलत असते, वरून पाणी अडवत असतं, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन वेगात फिरत असेल तर रॉड तुटून ब्लॉकला भोकही पाडतो. पेट्रोल इंजिनात दाब कमी असतो, पण लहान गाडीत सिलिंडरही लहान आणि हवेचं तोंडही खाली, त्यामुळे धोका तितकाच.

आता खरी कळीची गोष्ट. इंजिन मंद फिरत असताना पाणी ओढलं गेलं तर पुष्कळदा ते नुसतं थांबतं, रॉड शाबूत राहतो. त्या घडीला गाडी वाचलेली असते. पुढच्या दोन मिनिटांत चालक घाबरतो, मागचे हॉर्न वाजवतात, काठावरचे ‘मार सेल्फ, मार सेल्फ’ म्हणून ओरडतात, आणि तो किल्ली फिरवतो. सेल्फच्या मोटरचा जोरही पाणी भरलेल्या सिलिंडरमधला रॉड वाकवायला पुरतो. गिअरमध्ये टाकून धक्का देणं तर त्याहून वाईट. ओढ्यानं सोडलेलं इंजिन माणसाच्या हातानं मरतं, ते असं.

म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर इग्निशन बंद करा, न्यूट्रलला टाका, आधी माणसं बाहेर काढा आणि मग गाडी ओढून कोरड्यावर घ्या. एअर फिल्टरचं झाकण उघडून पाहा. तो ओला असेल तर किल्लीला हात नको. पुढचं काम मिस्त्रीचं: पेट्रोल गाडीचे प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढायचे, क्रँक पान्यानं हातानं फिरवून पाणी बाहेर टाकायचं, ऑइल पाहायचं. ऑइल दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी मिसळलं आहे. ते बदलल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. हे लवकर व्हायला हवं, कारण आतला गंज थांबत नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइलही तपासायला सांगा. गरम डिफरन्शियल गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सील व ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. आणि गाडी सुरू झाली म्हणजे सुटलो असं समजू नका. किंचित वाकलेला रॉड काही महिने चालतो आणि मग अचानक महामार्गावर दगा देतो. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घेतला तर हे आधी कळतं.

हौसेनं पाण्यात उतरणाऱ्यांशी मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. नाशिकमध्ये बनणाऱ्या थारला कंपनीनं ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा दिली आहे, गुरखा गाडीला ७००, महागड्या डिफेंडरला ९००. हे आकडे खोटे नाहीत. पण ते संथ पाण्याचे, ठाऊक असलेल्या तळाचे आणि मंद, एकसारख्या वेगाचे आहेत. वेग वाढवला की पुढच्या बंपरवर लाट चढते आणि पाणी आकड्याच्या वर जातं. वाहत्या पाण्याला तर हे आकडे लागूच नाहीत. फूटभर वाहतं पाणी लहान मोटार तरंगवतं आणि दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं, मग त्या कितीही उंच असोत. स्नॉर्केल बसवला म्हणजे झालं, हाही गैरसमज आहे. त्याचा एक सांधा ढिला असला तरी पाणी तिथूनच आत जातं.

आणि तळ ठाऊक असल्याचा दावा इथं तरी कुणी करू नये. भीमेच्या पात्रात वाळूउपशानं खड्डे केले आहेत. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर बघायला लोक गाड्या थेट गाळपेरीत घालतात. वरून कोरडी दिसणारी भेगाळलेली जमीन खाली लोण्यासारखी असते. ओढ्याचा तळ एका पुरात बदलतो. काल गुडघाभर होतं तिथं आज पुरुषभर असू शकतं.

हौसेनं पाण्यात गाडी घालण्याला साहस म्हणायला माझा ठाम विरोध आहे, आणि त्याचं कारण एका गाडीच्या इंजिनापुरतं नाही. उंच गाडी फरशी पुलावरून पाणी उडवत पार होते, त्याची रील निघते आणि मागे थांबलेला दुधाचा पिकअपवाला, लहान मोटारीतलं कुटुंब, दुचाकीवरचं जोडपं तिच्याकडं बघून खोली ठरवतं. पुढच्याच्या लाटेनं मागच्याच्या बॉनेटवर पाणी चढतं. हौशी माणसाचं नुकसान बहुतेकदा गाडीचं. मागच्याच्या जिवावर बेततं. डिसेंबर २०२३मध्ये लाहौलच्या चंद्रा नदीत थार घालणाऱ्याला हिमाचल पोलिसांनी दंड केला, जून २०२४मध्ये मुंद्र्याच्या समुद्रात गाड्या घालणाऱ्यांवर गुजरातेत गुन्हा दाखल झाला. आपल्याकडंही असंच व्हायला हवं. ज्यांना हा छंद मनापासून आहे त्यांनी आखलेल्या मैदानावर, मोजलेल्या खड्ड्यात, सोबत ओढायला दुसरी गाडी ठेवून तो करावा. त्याला माझी हरकत नाही.

विम्याच्या भरवशावर कुणी राहू नये. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात पुराचं नुकसान बसतच नाही. संपूर्ण विम्यात बसतं, पण परिणामी होणारं नुकसान वगळलेलं असतं, आणि पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारून इंजिन जाम झालं तर कंपन्या ते याच खात्यात टाकतात. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोडकलम वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. नूतनीकरण करताना ते आहे का बघा आणि त्याच्या अटी वाचा.

राहिला गरजेपोटी ओढा ओलांडणारा माणूस. त्याला ‘थांबा’ म्हणणं सोपं आहे. दूध नासतं, लेकरू आजारी असतं, पलीकडच्या वस्तीला दुसरा रस्ता नसतो. त्याच्यासाठी जबाबदारी यंत्रणेवर येते. उंच पूल व्हायला वर्षं लागतील. पण प्रत्येक फरशी पुलाच्या दोन्ही तोंडांना खोली दाखवणारा लाल-पांढरा खांब, कडेला मार्गदर्शक दगड आणि पाणी आलं की आडवा टाकता येईल असा बांबू, हे काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं आहे. खांबावरची पट्टी पुलाच्या पृष्ठभागापासून मोजलेली असावी आणि एक फुटाच्या वर लाल रंग असावा, म्हणजे रात्रीच्या उजेडात, वाचता न येणाऱ्यालाही ती कळेल.

सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदेनं बारामती-इंदापूरच्या फरशी पुलांची यादी करून मे महिन्याच्या आत हे खांब उभे करावेत. २०२५नं दाखवून दिलं आहे की पाऊस जूनची वाट बघत नाही. तोवर गावांनी थांबू नये. १ मेच्या ग्रामसभेत हा एक विषय घ्या, ठराव करा आणि आपल्या ओढ्यावरचा खांब पावसाआधी स्वतः रंगवा.