पाळण्याची आतली बाजू

बारशाच्या फोटोत पाळणा नेहमी बाहेरून दिसतो. झेंडूच्या माळा, फुगे, वर टांगलेल्या चिमण्या, दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा पाळण्याखालून घेणारी आत्या. बाळ मात्र पाळणा आतून पाहतं, आणि पाहण्यापेक्षा चाटतं जास्त. कठड्याला धरून उठायला लागलं की वरची पट्टी थेट हिरड्यांच्या उंचीवर येते. माळ्यावरचा पाळणा उतरवून नवा करायचा घाट सध्या पुन्हा घराघरांत घातला जातोय, त्याचा मला आनंदच आहे. पण सगळी हौस बाहेरच्या बाजूवर खर्च होते, हे माझं या आठवड्याचं गाऱ्हाणं.

पाळणा उतरवावा का, तर जरूर उतरवावा. सांगलीकरांना लाकडाची पारख पुराने चांगलीच शिकवली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेला भिजलेल्या संसाराचे ढीग लागले, आणि त्यात पार्टिकल बोर्डाची कपाटं, टेबलं, पलंग फुगून पडलेले होते. भुसा आणि चिपा रसायनी डिंकात दाबून केलेली ती फळी एकदा पाणी प्यायली की मूळ आकारावर येत नाही. सागवानी वस्तू धुऊन, सावलीत हळूहळू वाळवली तर बहुधा पुन्हा उभी राहते. आज दुकानात मिळणारे बरेचसे बेबी कॉट याच फळीचे असतात. तेव्हा आजोळच्या सुताराने खाचा पाडून, सांधे बसवून केलेला पाळणा दोन पिढ्यांनंतरही दुरुस्तीच्या लायकीचा असेल, तर त्याला हात लावण्यात शहाणपण आहे.

हात कसा लावायचा, इथे घोटाळा होतो. रीत अशी, की पॉलिश पेपर आणायचा, जुना रंग खसाखसा घासायचा आणि वर ऑइल पेंटचे दोन हात मारायचे. गुलाबी, नाहीतर आकाशी. आता त्या जुन्या रंगाचा विचार करा. पिवळ्या, नारंगी, लाल छटा झळझळीत दिसाव्यात, रंग लवकर वाळावा, म्हणून तैलरंगांत शिशाची संयुगं घालत. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग, हा केंद्र सरकारचा नियम २०१६ मध्ये निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे तुमच्या, माझ्या, आपल्या आईच्या बारशाचा रंगीत पाळणा त्याच्या आधीचा. त्यात शिसं असेलच असं नाही, पण नसेल असं धरून चालणं धाडसाचं. एका पाळण्यावर तीन-चार बारशांचे तीन-चार थर असतात. वरचा थर नवा म्हणून खालचे निर्धोक होत नाहीत.

शिसं रंगात चिकटून असतं आणि बाळ तो रंग चावत नाही, तोवर फारसं बिघडत नाही. घासल्यावर त्याची धूळ होते, ती अंगणात, चटईवर, बोटांवर बसते आणि बोटं तोंडात जातात. मोठ्या माणसापेक्षा लहान मूल शिसं कितीतरी जास्त शोषून घेतं, आणि ते मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज होता की जगातल्या ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करावी इतकं आहे, आणि त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली. यात मोठा वाटा जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या धंद्याचा आहे, पाळण्यांचा नव्हे, हे सांगून टाकतो. पण बॅटऱ्यांचा धंदा आपल्या हातात नाही. पॉलिश पेपर आहे.

त्यातून आपल्याकडे हे काम निघतं कधी? सातव्या-आठव्या महिन्यात. आणि हौसेने ब्रश हातात कोण घेतं? बरेचदा होणारी आईच. शिसं नाळेतून बाळापर्यंत पोचतं. म्हणून रंगीत जुना पाळणा खरवडायचा असेल तर तिने त्या दिवशी त्या घरात थांबूच नये. काम घराबाहेर, जमिनीवर प्लास्टिक अंथरून, लाकूड ओलं ठेवून पत्र्याने खरवडावं. कोरडं घासू नये, बर्नरने जाळून तर मुळीच काढू नये. खरवड गोळा करून पिशवीत बांधावी, झाडाच्या आळ्यात ढकलू नये. एवढा व्याप झेपणार नसेल तर रंगीत पाळण्याला पितळी फुलदाणीसारखं शोभेला ठेवा आणि बाळाला दुसरीकडे झोपवा. आजीला वाईट वाटेल. वाटू द्या.

ज्यांच्या पाळण्यावर कधी रंग चढलाच नाही, नुसतं तेल-पॉलिश आहे, ते नशीबवान. त्यांनी मिरजेकडे पाहावं. तिथल्या संस्थानिक पटवर्धनांच्या काळात हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तंतुवाद्यं करायला घेतली, आणि आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. ते २०२४ मध्ये मिळालं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी झळाळी दिसते ती परंपरेने लाखेच्या पॉलिशची. पळस, बोर, कुसुंबाच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्याची ही लाख. तिचे पापुद्रे, म्हणजे चपडा, स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाच्या बोळ्यावर मऊ फडकं बांधून त्याने एकावर एक पातळ हात फिरवत राहायचं. स्पिरिट उडून जातं, मागे राहते ती लाख. औषधाच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटच्या गोळ्यांवर चकाकीसाठी लावतात तीच. बाळाने चाटण्यासाठी याहून चांगला लेप मला ठाऊक नाही. मात्र चपडा शुद्ध हवा आणि त्यात बाजारू रंगपूड मिसळू देऊ नका. पॉलिशवाला म्हणेल, मेलामाइन करा, टिकतं. खरंच टिकतं, पण त्याचा वास बरेच दिवस जात नाही. लाख नाजूक असते. पाळण्यात जे काही ओलं होणार ते होतंच आणि पांढरे डाग पडतात. पण त्याच जागी बोळा पुन्हा फिरवला की डाग मिटतो. मेलामाइन खराब झालं तर सगळं घासून पहिल्यापासून करावं लागतं.

पॉलिशच्या आधी फूटपट्टी घ्या. दोन दांड्यांमधली फट सहा सेंटिमीटरहून मोठी नको. बाळाचं अंग फटीतून घसरतं आणि डोकं अडकतं. अमेरिकेत हे माप सत्तरच्या दशकापासून कायद्यात आहे, आपल्या गावच्या सुताराने ते कधी ऐकलेलं नसणार. त्याने दांड्या डोळ्याच्या अंदाजाने लावल्या. फट मोठी असेल तर मधे एकेक दांडी घालून घ्या. एक बाजू खाली सरकवता येणारा आयता कॉट कुणी पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून ‘आमच्या मुलाचा आहे, घ्या’ म्हणून दिला, तर नको म्हणा. सरकत्या बाजूचे कॉट अमेरिकेने २०११ मध्ये बंद केले, कारण कडी निसटून फट पडते आणि मूल त्यात अडकतं. टांगत्या पाळण्याच्या साखळ्या, कड्या कुठे झिजल्यात तेही बघा. पांगुळगाड्याला मात्र माझा बिनशर्त पाठिंबा. मूल त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभं राहतं आणि ढकलतं. मुलाला आत बसवून फिरवणारे प्लास्टिकचे वॉकर कॅनडाने २००४ मध्ये बंद केले. आपल्याकडे अजून आहेरात येतात.

आहेर निघालाच आहे तर बाळंतविड्याबद्दलही बोलू. प्लास्टिकच्या खिडकीच्या खोक्यातला तयार संच म्हणजे बाहेरच्या बाजूचा कळस: नायलॉनची लेस, चिकटवलेले मणी, बोटभर मोजे. त्यापेक्षा घरी शिवलेलं दुपटं द्या. नवजात बाळाला आधी जुनेर घालायची आपली रीत मला पटते. शंभर वेळा धुतलेल्या सुती लुगड्यातली खळ गेलेली असते, सुटणारा रंग सुटून गेलेला असतो. आजीच्या लुगड्याचे दोन पदर, कडेने धावदोरा, बास. टाका बारीक घाला, लांब टाक्यात बोट अडकतं. हातमोजे-पायमोजे शिवणार असाल तर कच्ची कड दुहेरी शिवणीत बंद करा आणि देण्याआधी उलटे करून पाहा. आतला एखादा सुटा दोरा किंवा केस बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि आवळून रक्त थांबवतो. बाळ रडत राहतं आणि कारण कुणाला कळत नाही. डॉक्टरांना ही तक्रार परिचयाची आहे.

कुंची हवीच असेल तर साताऱ्याच्या खणआळीत हौस भागेल. पण खणाला आतून मलमलीचं अस्तर लावा, काठाची जर गालाला टोचता कामा नये. बंद आखूड ठेवा आणि झोपवताना कुंची काढा. मोहरीची उशी शिवू नका. डोक्याला आकार येतो म्हणतात, पण पहिल्या वर्षात बाळाला उशीच नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळ पाठीवर, सपाट, टणक गादीवर. शेजारी लोड, तक्के, मऊ खेळणी काही नाही. पाळण्याला आतून लावायच्या गुबगुबीत झालरी तर अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्यानेच बंद केल्या. वाकळ शिवत असाल तर लहान शिवा आणि सांगून द्या, की ही पांघरायची नाही, जमिनीवर अंथरून बाळाला पालथं खेळवायची. चार-सहा पदरांची वाकळ या कामाला फोमच्या चटईपेक्षा सरस, शिवाय उकळत्या पाण्यात धुता येते.

हे सगळं माळा असलेल्या घरांचं बोलणं आहे, याची मला कल्पना आहे. दिवाळीनंतर वाळव्यापासून कराडपर्यंत उसाच्या फडात उतरणाऱ्या टोळ्यांच्या कोप्यांमध्ये बाळ लुगड्याच्या झोळीत असतं. त्या झोळीचं कौतुक करणारे लेख मी वाचले आहेत. मला ते करवत नाही. दुसरी जागा नाही म्हणून ती झोळी आहे.

राहता राहिला मुहूर्त. लाखेचं पॉलिश दमट हवेत धरत नाही, वर पांढुरका धूसरपणा येतो. जत, आटपाडीला आषाढातही चार कोरडे दिवस सापडतील. सातारा, पाटण, शिराळ्याच्या बाजूला काम होळीनंतर काढा आणि मिरग लागायच्या आत संपवा. बारसं नेमकं श्रावणात येत असेल तर शेजारचा, पाच-सहा मुलं वाढवलेला पाळणा उसना आणा. तसा पाळणा लाभतो म्हणतात. फूटपट्टी मात्र त्यालाही लावा.