बोल्ट तुटला, आता काय?

रविवारची सकाळ. मोटारसायकल दोन दिवसांपासून फट्फट् आवाज करते आहे. सायलेन्सरचे गॅस्केट गेले असावे, एवढे गृहस्थांना ठाऊक असते. दोन नट काढायचे, जुने गॅस्केट फेकायचे, नवे बसवायचे. अर्ध्या तासाचे तर काम! पहिला नट निघतो. दुसरा मात्र जागचा हलत नाही. मग पान्याला लोखंडी नळी अडकवून, पाय रोवून जोर लावला जातो आणि 'कट्' असा आवाज होतो. नट हातात येतो, पण त्याच्यासोबत अर्धा स्टडही. उरलेला अर्धा इंजिनाच्या हेडमध्ये!

खरी कसोटी इथून पुढे सुरू होते. तुटलेला स्टड चार पैशांचा असतो, हेड मात्र चांगलेच महाग. आणि हेड बहुतेक वेळा स्टड तुटल्यामुळे वाया जात नाही. ते वाया जाते त्यानंतरच्या घाईमुळे.

मुळात तो अडकतो का? हेड ॲल्युमिनियमचे आणि स्टड पोलादाचा. सायलेन्सरची जागा रोज तापते, निवते, पावसाचे पाणी झेलते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे नट आट्यांवर घट्ट धरला जातो. त्यातच दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियमही झिजू लागते. मुंबई, कोकण, गोवा अशा खाऱ्या हवेच्या ठिकाणी हे लवकर होते.

जोराचे गणितही समजून घ्यावे. लहान मोटारसायकलींवर हा स्टड बहुधा ६ मिलिमीटर जाडीचा असतो. एवढा बोल्ट आवळायला १० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १० किलोचा जोर पुरतो. अर्ध्या मीटरची नळी लावून तेवढाच जोर दिला तर बोल्टवर पाचपट ताण पडतो. तो तुटणार नाही तर काय होईल?

म्हणून नट अडकला आहे हे कळताच थांबावे. तारेच्या ब्रशने गंज खरवडून गंज सोडवणारे तेल सोडावे आणि रात्रभर मुरू द्यावे. घरोघरी दिसणारा डब्ल्यूडी-४० १९५३ साली अमेरिकेत तयार झाला, तो मुख्यतः पाणी हटवून गंज टाळण्यासाठी. नाव तसेच पडले: 'वॉटर डिस्प्लेसमेंट', ४० वा प्रयत्न. तो चालतो, पण खास गंज सोडवणारे तेल अधिक खोल मुरते. सकाळी नटावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. सहा बाजूंना नीट बसणारा रिंग पाना घ्यावा. नट आधी किंचित आवळावा, मग सोडावा, पुन्हा आवळावा. असा मागेपुढे करत तो निघतो. सरळ एकाच दिशेने ओढत राहणे हाच स्टड तोडण्याचा राजमार्ग.

तरीही तुटलाच आणि थोडा भाग बाहेर राहिला असेल तर नशीब चांगले. व्हाइस ग्रिपने घट्ट धरून तो फिरवता येतो. त्याआधी भोवतालचे हेड तापवले तर काम सोपे होते, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि भोक सैल पडते. मात्र तापवायला गरम हवेची बंदूकच वापरावी. ज्योतीखाली ॲल्युमिनियम लाल न होताच वितळू लागते, इशारा मिळत नाही. आधी तेल पुसून घ्यावे, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी आणि काम उघड्यावर करावे. (स्पार्क प्लगचा नियम उलटा आहे. तो गार इंजिनावरच काढावा.)

चांगला मेकॅनिक याहून सोपी युक्ती करतो. तुटक्या टोकावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतो. वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंजाची पकड सुटते आणि नव्या नटाला पाना लावून स्टड बाहेर येतो. पण आधी बॅटरीची वायर काढायला त्याला जरूर सांगावे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे असतो. वेल्डिंगच्या विजेने ती जळाली तर स्टड सोडा, भलताच खर्च गळ्यात पडेल.

स्टड पृष्ठभागाच्या बरोबरीने तुटला असेल तर घरी ड्रिल हातात घेण्याचा मोह आवरावा. भोक अगदी मधोमध पडले पाहिजे. जरा जरी सरकले तरी ड्रिल कठीण पोलाद सोडून मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसते आणि हेडचे आटे खाऊन टाकते. ईझी-आउट नावाचा उलट्या पिळाचा खिळा बाजारात मिळतो, पण बारीक स्टडमध्ये तोच तुटण्याची भीती फार. तो इतका कडक असतो की साधे ड्रिल त्याला लागतच नाही. अशा वेळी हेड सरळ लेथच्या कारखान्यात न्यावे. तिथे ते पक्के बांधून मधोमध भोक पाडता येते. आटे गेलेच असतील तर पोलादी तारेची गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, बसवून नवे आटे करता येतात. "नवीनच हेड टाका" असे कोणी म्हणाले, तर हेलिकॉइल बसेल का, हे आधी विचारावे.

नवा स्टड बसवताना भोकातला कचरा काढावा, आट्यांना उष्णता सोसणारे अँटी-सीझ ग्रीस लावावे आणि सुरुवातीचे आटे हातानेच फिरवावेत. गॅस्केट नवेच घालावे. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू आधी घट्ट केली तर गॅस्केट तिरके बसते आणि दोन दिवसांत तोच फट्फट् आवाज परत सुरू होतो.