आधी ओझं, मग उंची
अमेरिकेत वॉरंटीतला पिकअप ट्रक दोन-तीन इंच उंच करायचा म्हटलं की पहिली धास्ती वॉरंटी जाण्याची. ती निम्मीच खरी आहे. 1975 च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे केवळ बाहेरचे लीफ स्प्रिंगचे पाटे बसवले म्हणून कंपनीला सरसकट हात झटकता येत नाहीत. बिघाड त्या पाट्यांमुळेच झाला, हे दाखवावं लागतं. म्हणूनच पाटे निवडताना घाई नको. एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा घालणं सर्वांत स्वस्त, पण जोर लावताना एक्सल पिळवटतो आणि पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकतो. आहे त्यातच जादा पाटा घातला, तर रिकामी गाडी दणके देते. नेहमीचं ओझं वजनकाट्यावर मोजून त्याप्रमाणे घेतलेला पूर्ण नवा संच महाग पडतो, तरी माझ्या मते तोच घ्यावा. कोणी म्हणेल, उंची तर तेवढीच मिळते. मिळते, आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोनही बदलतो, तो कुठल्याच पर्यायात सुटत नाही. त्या शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट गेला की कंपनी तिथेच बोट ठेवणार. कोन पाचरीने सुधारून घेतला आणि मोजमापाची नोंद बिलासोबत जपली, तर भांडायला हाती पुरावा राहतो. शिवाय जाड पाट्यांनी गाडीची ठरलेली भारक्षमता वाढत नाही. ब्रेक आणि एक्सल जुनेच असतात.