वऱ्हाडीला हंसण्यापूर्वीं

नाटकांत वऱ्हाडी पात्र आलें, कीं तें तोंड उघडण्यापूर्वींच प्रेक्षक हंसावयास सज्ज होतात. ‘मले’, ‘तुले’, ‘येऊन राह्यला’ एवढे शब्द त्याच्या तोंडीं घातले, कीं लेखकाचें विनोदाचें काम उरकलें! ह्या हंसण्याच्या मुळाशीं एक सिद्धांत आहे. तो असा कीं, पुण्याची ती मराठी आणि वऱ्हाडची ती बिघडलेली मराठी. हा सिद्धांत आम्हांस साफ अमान्य आहे.

मराठींतील आद्य गद्य ग्रंथ म्हणून मान्यता पावलेलें म्हाइंभटांचें ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाच्या अखेरीस अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपुरास सिद्ध झालें. शिवजन्मास तेव्हां सुमारें 350 वर्षें अवकाश होता. चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेंतले. पण त्यांनीं धर्म सांगितला तो मराठींत, आणि त्यांचे गुरु गोविंदप्रभु तर ऋद्धिपुरींच राहत. पुढें महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत कोंडून ठेविले. विसाव्या शतकापर्यंत ते बाहेरच्यांस वाचतांच येईनात, आणि तोंवर वाङ्मयाच्या इतिहासाची मांडणी वऱ्हाडास वगळून होऊन गेली. ही सबब त्या काळीं चालली. डॉ. वि. भि. कोलते ह्यांची ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ति 1978 सालीं निघाल्यानंतर मात्र ती चालूं नये. आतां तर ऋद्धिपुरास मराठी भाषा विद्यापीठही झालें आहे. विद्यापीठ तेथें, आणि थट्टाही तेथल्याच बोलीची!

संस्कृत पंडितांस ही भूमि हास्यास्पद वाटली नव्हती. दंडीनें वैदर्भी रीतीची थोरवी गाइली. राजशेखरानें तर काव्यपुरुषाचें लग्न साहित्यविद्येशीं लाविलें, तें वत्सगुल्मास, म्हणजे आजच्या वाशिमास.

‘येऊन राह्यला’ ही हिंदीची नक्कल, असा आक्षेप येईल. असेल! वऱ्हाड 1853 सालीं निजामाकडून इंग्रजांकडे आलें, 1903 मध्यें मध्यप्रांतास जोडलें गेलें, आणि 1956 पर्यंत हिंदी मुलुखाशीं एका दावणीस बांधलेलें होतें. शेजाऱ्याचें वळण लागावयाचेंच. पण पेशवा, फडणीस, दफ्तर, मजकूर हे शब्द पुण्याच्या मराठीस कोठून मिळाले? फारशीची उसनवारी ती प्रौढी, आणि हिंदीची तेवढी भ्रष्टता, हा न्याय कोणता?

शाळेंत प्रमाण भाषा शिकवूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचा मुख्य राग पुणेकरांवरही नाहीं. तो आमच्याच पदवीधर मंडळींवर आहे. सभेंत रुक्मिणी आणि दमयंती ह्यांच्या माहेरचा अभिमान मिरवावयाचा, आणि घरीं मात्र त्या माहेरच्या बोलीची लाज बाळगावयाची! परवां अशाच एका सुशिक्षित घरीं आम्ही बसलों होतों. पांच वर्षांचा नातू आजीस म्हणाला, “आजी, मले पानी दे.” आमच्यासमोर आईनें त्यास दटावलें, “मले नव्हे, मला म्हण!” मुलगा गोंधळून आजीकडे पाहूं लागला. ती बोली त्यास आजीनेंच दिलेली होती. तिनें पाण्याचा पेला आणून त्याच्या हातीं दिला, आणि आम्ही निघेपर्यंत ती पुनः एक शब्दही बोलली नाहीं.