दीड हजेरी ही रोजची चोरी आहे

भोसरीपासून चाकण-महाळुंगेपर्यंत कंत्राटी कामगार बारा तास राबतो आणि ठेकेदार ‘दीड हजेरी’ मांडतो. आठ तासांची एक, चार तासांची अर्धी. कामगारालाही हिशोब बरोबर वाटतो. आम्ही याला चोरी म्हणतो.

जादा तासाला दुप्पट दर हा कायदा आहे. रोजची मजुरी ६०० रुपये धरा, म्हणजे तासाला ७५. जादा तासाला १५०, चार तासांचे ६००. बारा तासांच्या दोन हजेऱ्या होतात! दीड देणारा रोज ३०० रुपये खिशात घालतो. २६ दिवसांचे ७,८०० रुपये.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ वरून १२ तासांवर, तिमाही ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. सहा दिवस बारा तास राबलात, तर आठवड्याला २४ जादा तास. १४४ तास सहा आठवड्यांतच संपतात! पुढचे तास कुठल्या कायद्यात बसतात?

म्हणे, कामगाराची लेखी संमती असेल. उद्या गेटवरून परत पाठवतील या भीतीने केलेली सही संमती कशी? म्हणे, ओव्हरटाइम कामगारच मागतो. आठ तासांत घर चाललं असतं, तर मागितला असता का?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती पुढे आली. १९४६ मध्ये तिचा कायदा झाला. तो हक्क आम्ही दीड हजेरीत विकणार नाही.

बांधवांनो, येण्याजाण्याची वेळ रोज वहीत लिहा. पगाराची पावती मागा. बारा तासांच्या दोन हजेऱ्या मागा.

जय भीम!