चालस ना भाऊ? मंग झायं!

मंडळी, या विकांताला जरा भांडायचं आहे. भांडण एका वाक्याशी आहे. धुळ्याकडे ते अहिराणीत ऐकू येतं, "चालस ना भाऊ? मंग झायं!" जळगावात थोडं शहरी होऊन येतं, "चालू झालं ना भो, मग झालं!" अर्थ एकच. बंद का पडलं होतं ते विचारू नका, चालू करताना काय उघडं टाकलं तेही विचारू नका. चालतंय ना? मग चहा सांगा.

निमित्त तसं किरकोळ आहे. दर दोन-चार आठवड्यांनी गावाकडून एक फोन येतो. कधी इंजिनियरिंगला असलेला मावसभाऊ, कधी वडिलांच्या ओळखीतले एखादे दुकानदार काका. तक्रार ठरलेली: "दादा, व्हर्च्युअल मशीनमध्ये शेअर्ड फोल्डर दिसत नाही." आणि फोन येण्याआधी तीन उपाय हमखास करून झालेले असतात. फायरवॉल बंद केलेला असतो. फोल्डरवर 'एव्हरीवन - फुल कंट्रोल' दिलेलं असतं. लिनक्स असेल तर सीएचमॉड म्हणजे परवानग्या बदलण्याची आज्ञा ७७७ हा आकडा लावून मारलेली असते. (७७७ म्हणजे या जगात जो कोणी येईल त्याने वाचावं, लिहावं, चालवावं. आओ जाओ घर तुम्हारा.)

हे उपाय सुचवतं कोण? बऱ्याचदा पुण्यात, हिंजवडीत बसलेला एखादा भाचा-पुतण्या. कंपनीत कोणी कोडमध्ये ७७७ लिहिलं तर हाच पठ्ठ्या रिव्ह्यूमध्ये त्याची सालं काढतो. काकांच्या दुकानासाठी मात्र पाच मिनिटांत फोनवर तेच औषध लिहून देतो. माझा खरा राग इथे आहे. गावाला आपण दुय्यम दर्जाचं ज्ञान पाठवतो आणि वर उपकार केल्यासारखं वागतो.

आता मजा बघा. ते तिन्ही उपाय धोकादायक आहेतच, पण इथे ते बहुतेक वेळा निरुपयोगीही आहेत!

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटातला संगणक. बाहेरचा यजमान, आतला पाहुणा. पाहुण्याला स्वतःची डिस्क आहे असं वाटत असतं, पण ती यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाईल असते. दोघांच्या मधे भिंत आहे आणि ती मुद्दाम बांधलेली आहे. शेअर्ड फोल्डर म्हणजे त्या भिंतीत काढलेली खिडकी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये या खिडकीशी एक निरोप्या बसतो. 'गेस्ट अ‍ॅडिशन्स' नावाचं जे पॅकेज पाहुण्यात टाकावं लागतं, त्यातच तो येतो. व्हीएमवेअरमध्ये हेच काम व्हीएमवेअर टूल्स करतात.

विंडोज पाहुण्यात हा फोल्डर 'व्हीबॉक्सएसव्हीआर' अशा नावाखाली, नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्रासारखा दिसतो. इथेच सगळे फसतात. दिसतो नेटवर्कसारखा, पण जातो निरोप्याच्या खाजगी वाटेने. ही वाट नेटवर्क कार्डातून जातच नाही. मग फायरवॉल बंद करून काय मिळालं? घराचं पुढचं दार सताड उघडं टाकलं, आणि अडकलेली होती माजघरातली खिडकी.

७७७ ची गत तर त्याहून वाईट. लिनक्स पाहुण्यात आपोआप जोडलेला फोल्डर मीडिया या डिरेक्टरीत 'एसएफ' अशी सुरवात असलेल्या नावाने येतो. मालक रूट, गट 'व्हीबॉक्सएसएफ', बाकीच्यांना प्रवेश नाही. म्हणून 'परमिशन डिनाइड'. या फोल्डरवरच्या परवानग्या जोडणी होते त्या क्षणी ठरतात. नंतर पाहुण्यात बसून कितीही वेळा ७७७ मारा, ढिम्म काही बदलत नाही. खरा उपाय एका ओळीचा: आपल्या यूजरला 'व्हीबॉक्सएसएफ' गटात घाला, लॉगआउट करा, पुन्हा आत या. गटाचं सभासदत्व पुढच्या लॉगिनपासून लागू होतं, म्हणून तो लॉगआउट महत्त्वाचा. आणि गटात घालताना 'यूजरमॉड'ला मोठ्या जी च्या आधी छोटा ए द्यायला विसरू नका. तो 'भर घाल' असं सांगतो. तो नसेल तर आधीचे सगळे जादा गट जातात, त्यात सुडोचा हक्कही जातो, आणि माणूस स्वतःच्याच यंत्रात पाहुणा होऊन बसतो :-)

"पण काल तर चालत होतं!" ही दुसरी लोकप्रिय तक्रार. काल चालत होतं, रात्री अपडेट आला, कर्नल बदलला. निरोप्या जुन्या कर्नलच्या मापाने शिवलेला होता, त्याला नव्यासाठी पुन्हा शिवावं लागतं. त्यासाठी नव्या कर्नलच्या हेडर फाईली लागतात. त्या नसतील तर जोडताना 'नो सच डिव्हाइस' असा निरोप येतो. हा निरोप स्वच्छ सांगतोय की असली फाईल सिस्टीम मला ओळखता येत नाही, म्हणजे निरोप्या हजर नाही. यात परवानगीचा संबंधच नाही! पण वाचतो कोण? लाल अक्षरं दिसली की ७७७.

तर प्रश्न तीनच आहेत, आणि क्रमाने विचारायचे. यजमानाने फोल्डर दिलाय का, आणि नाव बरोबर आहे का? पाहुण्यात निरोप्या जागा आहे का? तो जागा असेल तर आपल्या यूजरला आत सोडतोय का? पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत तिसऱ्याला हात लावायचा नाही. याला निदान म्हणतात. गोळ्या बदलून बघत राहणं याला दुसरं नाव आहे.

ही सवय लागते कुठे? माझ्या मते थेट लॅबमध्ये. खान्देशातल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात मी शिकलो. (नाव घेत नाही, कारण महाराष्ट्रभर चित्र फारसं वेगळं नव्हतं.) नव्वदच्या दशकाच्या सुरवातीचं टर्बो सी, जुने गेम खेळता यावेत म्हणून बनवलेल्या डॉसबॉक्समध्ये घालून आम्ही प्रोग्रॅम लिहीत होतो. जर्नलच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहून दिली जायची: माउंट, सी, पुढे टर्बो सी च्या फोल्डरचा पत्ता. साठ पोरं ती ओळ मंत्रासारखी टाइप करायची. ही ओळ म्हणजे शेअर्ड फोल्डरच की! यजमानाचा एक फोल्डर पाहुण्याला सी ड्राइव्ह म्हणून दाखवायचा. एवढं एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर पुढचं अर्धं आयुष्य सोपं झालं असतं. बाहेरून टाकलेली फाईल आत दिसत नाही म्हणून पोरं अख्खं पीसी रीस्टार्ट करायची. डॉसबॉक्सने यादी आठवणीत धरून ठेवलेली असते, कंट्रोल आणि एफ४ दाबलं की ती ताजी होते. बस. आणखी गंमत म्हणजे विंडोजवर अख्खा सी ड्राइव्ह माउंट केला तर डॉसबॉक्स स्वतः बजावतो की असं करू नका, पुढच्या वेळी आतला एखादा फोल्डर द्या. फुकटातल्या त्या प्रोग्रॅमला जे कळत होतं ते प्रॅक्टिकलच्या परीक्षेत कधी विचारलं गेलं नाही.

"अरे, एका फोल्डरवरून किती तापतोस?" असं कोणी म्हणेल. म्हणून आता दुकानात चला.

जळगावच्या दाणा बाजारातल्या एका दुकानात मी पाहिलेलं सांगतो. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं, बनवणारा केव्हाच धंदा बंद करून गेला. म्हणून नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीन, त्यात एक्सपी. इथवर उत्तम, याहून चांगला मार्ग मलाही सुचला नसता. पण फोल्डर दिसेना, म्हणून कोणीतरी अख्खा डी ड्राइव्ह शेअर करून दिला, लिहिण्याच्या हक्कासकट. त्याच डी ड्राइव्हवर दहा वर्षांच्या हिशेबाचा बॅकअप! एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर वाऱ्यावर सोडलं आहे. त्या पाहुण्यात उद्या खंडणीचा व्हायरस शिरला तर त्याला भिंत फोडायची गरजच नाही. त्याला डी ड्राइव्ह आपल्या घरचाच दिसतो. मूळ आणि बॅकअप, दोन्हीला एकाच दिवशी कुलूप. आपल्याकडे पाहुण्याला भरीत-पुरी आग्रहाने वाढतात, पण तिजोरीची किल्ली कोणी ताटाशेजारी ठेवत नाही.

त्याच संगणकावर चौथा उपायही झालेला होता: एसएमबी१ पुन्हा चालू. विंडोजची फाईल शेअर करण्याची ही जुनी भाषा, एक्सपीला तेवढीच येते. विंडोज १० मध्ये २०१७ च्या अखेरच्या आवृत्तीपासून ती मुळात बसवलेलीच नसते, आणि त्याला कारण आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय जगभर पसरला तो या एसएमबी१ मधल्या भोकातून. ठिगळ मार्चमध्येच आलं होतं, लोकांनी लावलं नव्हतं. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या आला. त्याने तेच भोक वापरलं, शिवाय चोरलेले पासवर्डही. सुरवात झाली युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. (हिशेबाच्या, हे लक्षात घ्या.) आणि झळ पोचली थेट आपल्या न्हावाशेव्यापर्यंत. जेएनपीटी बंदरातलं मर्स्कच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर खोळंबले. मर्स्कला पंचेचाळीस हजारांच्या आसपास पीसी नव्याने बसवावे लागले, नुकसान वीस ते तीस कोटी डॉलर. मर्स्क उभी राहिली, कारण तिच्याकडे माणसं होती आणि पैसा होता. दाणा बाजारातल्या काकांकडे काय आहे? फोनवरचा पुतण्या.

आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या निरोप्याला एसएमबी१ लागतच नाही! म्हणजे जे भोक उघडलं, ते या कामासाठी उघडायची गरजही नव्हती.

यावर ठरलेला युक्तिवाद येतो, "हे सगळं पुण्यात ठीक आहे रे. इथे ना अ‍ॅडमिन, ना वेळ. सीझनमध्ये ट्रक दारात उभा असतो, बिल निघायला हवं." बिल निघायलाच हवं, हे शंभर टक्के मान्य. पण अ‍ॅडमिन नाही, म्हणूनच तर भिंत शाबूत हवी. मोठ्या कंपनीत घोळ झाला तर रात्रीतून पूर्ववत करणारी टोळी बसलेली असते. जिथे ती नाही तिथे बेफिकिरी परवडत नाही, उलट तिथेच ती सगळ्यात महाग पडते. आणि वेळेचं म्हणाल तर अख्ख्या ड्राइव्हऐवजी एक छोटा फोल्डर द्यायला तेवढाच वेळ लागतो. पाहुण्याला फक्त वाचायचं असेल तर 'रीड ओन्ली'चा चौकोन त्याच खिडकीत असतो. एक टिचकी. बॅकअप पाहुण्याला दिसणार नाही अशा जागी, शक्य तर काढून कपाटात ठेवता येईल अशा डिस्कवर. खर्च फार नाही.

तेव्हा पुण्या-मुंबईत, बंगळुरात बसलेल्या माझ्या खान्देशी दोस्तांनो, पुढच्या वेळी घरून असा फोन आला तर पाच मिनिटांचं औषध देऊ नका. तीन प्रश्न क्रमाने विचारा, स्क्रीनवरचा निरोप शब्दन् शब्द वाचून घ्या, आणि आधी केलेले 'उपाय' परत फिरवल्याशिवाय फोन ठेवू नका. दिवाळीत घरी जाल तेव्हा तासभर त्या संगणकासमोर बसा. आणि लॅबमध्ये शिकवणारे कोणी हे वाचत असतील तर एक विनंती: यंदा तोंडी परीक्षेत एकच प्रश्न वाढवा, "माउंट म्हणजे काय?" पाठ केलेलं उत्तर आलं तर मार्क देऊ नका.

आणि "चालस ना भाऊ?" असं कोणी विचारलं तर सांगा, "चालस. पण का चालस, ते बी सांगस. बस."