पिठाचा कोंबडा आणि प्लास्टिकचा शिपाई

गेल्या दिवाळीत आमच्या अंगणातील किल्ल्यावर मावळ्यांच्या जोडीस एक निराळेच सैन्य चढले. दोन बोटे उंचीचे, हिरव्या-जांभळ्या प्लास्टिकचे, गोल शिरस्त्राणे घातलेले आणि हातांत किरणांच्या बंदुका धरलेले ते परग्रहावरील शिपाई आमच्या नातवाने पिशवीभर आणले होते. आम्ही त्यास सुनावले, "पहाटे मंदिरात निर्वाणलाडू चढवून आलास, आणि आता ही मारामारी?" तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, मावळ्यांच्या हातांतही तलवारी आहेतच की! ते तर तुम्हीच कुंभाराकडून आणून दिलेत." आम्ही निरुत्तर झालो. त्याच सुमारास खेळण्यांचा घाऊक व्यापार करणाऱ्या आमच्या एका स्नेह्याने विचारले की, श्रावकाने असला माल दुकानी ठेवावा काय? या दोन्ही प्रश्नांचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या खेळाचे मूळ पाहू. विलायतेत विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ साली पोकळ शिशाचे शिपाई ओतण्यास आरंभ केला, आणि जी खेळणी पूर्वी श्रीमंतांच्याच घरी असत ती मध्यमवर्गीयांच्या घरी आली. हेच शिपाई घेऊन एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे खेळाच्या नियमांचे पुस्तक लिहिले. मंगळावरील प्राण्यांच्या स्वारीची कादंबरी १८९८ साली लिहिणारा तोच हा वेल्स. खऱ्या युद्धापेक्षा हे खेळातले युद्ध किती बरे, असे त्याने त्यात आवर्जून सांगितले. परंतु पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. खेळाने युद्ध थांबले नाही हे खरे; पण खेळाने ते पेटवले, असेही कोणी म्हणू शकणार नाही.

पुढे विषारी शिशाची जागा प्लास्टिकने घेतली. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांच्या प्लास्टिकच्या बाहुल्या विकल्या जाऊ लागल्या. १९८७ साली इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉप या कंपनीने 'वॉरहॅमर ४०,०००' हा दूरच्या भविष्यकाळातील युद्धाचा खेळ काढला. ती कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. एवढ्याशा शिपायांवर एवढी पेढी उभी राहते, हे व्यापाऱ्याने ध्यानी घेण्याजोगे आहे. यातील मर्म साच्यात आहे. पोलादी साचा घडविण्यास मोठा खर्च येतो. पण एकदा तो झाला की वितळलेले प्लास्टिक दाबाने आत सोडून हजारो नग अल्प खर्चात निघतात. स्वस्त पिशवीतल्या शिपायांनीही तोच खेळ घरच्या मेजावर होतो. पुस्तकांच्या टेकड्या, रिकाम्या खोक्यांच्या इमारती, अंतर मोजावयास पट्टी आणि नेम लागला की चुकला हे ठरवावयास फासा. एवढे साहित्य पुरते.

आता आक्षेपाकडे वळू. आपल्या यशोधर राजाची कथा सर्वांस ठाऊक आहे. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलकचंपू'त ती विस्ताराने सांगितली. मातेच्या आग्रहास्तव राजाने जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला, तरीही त्या मायलेकांना अनेक पशुयोनींतून फिरावे लागले. मग प्लास्टिकचा शिपाई पाडणे निर्दोष कसे? शिवाय हिंसेची साधने दुसऱ्यास देणे हा अनर्थदंडाचा एक प्रकार शास्त्रकारांनी सांगितलाच आहे.

आक्षेप वजनदार आहे. परंतु त्या कथेत दोष पिठाचा नव्हता, संकल्पाचा होता. राजाने त्या पिठात कोंबड्याचा जीव कल्पिला आणि तो जीव देवीस अर्पण करण्याच्या भावाने शस्त्र चालविले. आमचा नातू काय कल्पितो, हे आम्ही काही संध्याकाळी शेजारी बसून पाहिले. तो अंतरे मोजतो, फासे टाकतो, हरला की कोठे चुकलो याचा हिशेब करतो, आणि संध्याकाळी पडलेला शिपाई सकाळी पुन्हा उभा राहतो. बुद्धिबळात हत्ती-घोडे मारताना आपल्या वडीलधाऱ्यांनाही कधी पातक वाटले नाही. भाव जेथे क्रोधाकडे झुकेल तेथे मात्र डाव मोडावा.

आणि आणखी एक गोष्ट मनास टोचली. धान्यास कीड लागू नये म्हणून आमच्याच वखारीत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून ताडपत्री बंद केली जाते. तेथे जे मरतात ते खरे जीव असतात. ती उद्योगी हिंसा म्हणून आम्ही प्रतिक्रमणात तिची आलोचना करतो, आणि घरी येऊन प्लास्टिकच्या शिपायासाठी मुलास रागावतो! वखार कोरडी ठेवणे, माल लवकर हलविणे, गोळ्यांची गरजच कमी करणे, हे आमचे काम आधी आहे.

स्वस्त खेळण्याच्या बाजूने अपरिग्रहाचाही एक मुद्दा आहे. महागड्या शिपायांचे शौकीन खोक्यांवर खोकी घेऊन ठेवतात आणि ती उघडण्यासही त्यांना सवड होत नाही. वस्तूवरील आसक्ती हाच परिग्रह, असे आपले शास्त्र सांगते. पिशवीतला एक शिपाई हरवला तर मूल रडत नाही. मात्र स्वस्ताईचा दोषही तेथेच आहे: जे स्वस्त ते फेकले जाते, आणि फेकलेले प्लास्टिक गटारात जाते, गाईच्या पोटात जाते. ती हिंसा कल्पनेतली नव्हे.

म्हणून आमच्या स्नेह्यास आमचे सांगणे एवढेच की, शिपाई खुशाल विकावे. पण १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर सक्तीचे झालेले आय.एस.आय. चिन्ह पाहूनच माल घ्यावा. दोन रुपये स्वस्त पडतो म्हणून बिनचिन्हाचा माल लहान मुलांच्या हाती देऊ नये. छर्ऱ्यांची बंदूक मात्र दुकानी ठेवू नये, कारण तिने खरे पाखरू मरते आणि खरा डोळा फुटतो.

घरी आम्ही नातवाशी तीन करार केले आहेत. खेळ संपला की शिपाई मोजून पिशवीत भरावयाचे. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस पिशवी बंद ठेवावयाची. आणि वेढला गेलेला शिपाई मारावयाचा नाही, कैद करावयाचा. हा शेवटचा नियम वेल्सच्या पुस्तकातही आहे. नातवाने तिन्ही मान्य केले, पण चौथा आपल्या पदरचा जोडला: वखारीत पुढच्या वेळी गोळ्या किती लागल्या, ते आम्ही त्यास मोजून सांगावयाचे. आम्ही तोही मान्य केला आहे.